नमुना आणि नमूद : प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या एका चिठ्ठीचे परीक्षण

काव्य-कादंबऱ्यांच्या परीक्षणाची सवय असलेल्या वाचकांस एका छापील अर्जाचे परीक्षण वाचावयास देणे थोडे धार्ष्ट्याचे आहे. तथापि रसायनशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने सिद्ध केलेले संयुग एन. एम. आर. परीक्षेसाठी विद्यापीठीय प्रयोगशाळेकडे जाते, तेव्हा त्याच्यासोबत जाणारी चिठ्ठी ही भाषाभ्यासकाच्या दृष्टीने एक स्वतंत्र लेखनप्रकारच होय. तिला बोलणारा आहे, ऐकणारा आहे, तिच्या ठरलेल्या रूढी आहेत. ती वाईट लिहिली गेली तर तिची किंमत प्रबंधाचे एखादे प्रकरण मोजते; म्हणून तिची दखल घेणे अप्रस्तुत नव्हे.

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून संशोधन करणाऱ्यास हे यंत्र सहसा पाहावयास मिळत नाही. त्याच्या चुंबकाची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, अखंड बुडवून ठेवावी लागते. हेलियम पुरवीत राहण्याचा खर्च साध्या महाविद्यालयास झेपणारा नाही. त्यामुळे ही यंत्रे मोजक्या ठिकाणी एकवटलेली आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७०च्या दशकात प्रादेशिक उपकरणकेंद्रे सुरू केली, आणि पुढे 'सॅफ' या नावाने ओळखली जाऊ लागलेली ही केंद्रे मुंबईच्या आय. आय. टी.त व चंडीगढच्या पंजाब विद्यापीठात आहेत. वऱ्हाडातली चिमूटभर भुकटी लहानशा कुपीत बंद होऊन कुरिअरने हजारावर किलोमीटरचा प्रवास करते, आणि काही दिवसांनी एक आलेख परत येतो. विद्यार्थी आणि यंत्र चालविणारा तज्ज्ञ यांची भेट बहुधा होतच नाही. त्या दोघांमधले सारे संभाषण म्हणजे ही चिठ्ठी.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधतो. 'नमुना' हा शब्द मराठीने फारसीतून घेतला. त्याचे मूळ 'दाखविणे' या अर्थाच्या 'नमूदन' या धातूत आहे. 'नमूद करणे' यातला 'नमूद' त्याच मुळाचा. शिवाय महसूल खात्याच्या मराठीत छापील तक्त्यालाही नमुनाच म्हणतात. गाव नमुना सात आणि बारा यांशिवाय खेड्यातला दिवस उजाडत नाही. म्हणजे कुपीतला पदार्थ नमुना, त्यासोबतचा कागद नमुना, आणि कागदावर जे लिहावयाचे ते नमूद. भाषेने या तीन गोष्टी एका कुळात ठेवल्या. आपल्या व्यवहाराने त्यांची फारकत केली. नमुना जातो, नमुन्यावर सही होते, नमूद मात्र फारसे काही होत नाही.

या बाबतीत मानोऱ्याचा शेतकरी आपल्या विद्यार्थ्याहून पुढे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मातीचा नमुना पाठविताना तो शेतात अनेक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतो, माती एकत्र करून चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन टाकून उरलेले पुन्हा मिसळतो, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करीत राहतो. पिशवीत घालावयाच्या चिठ्ठीत नाव, गट क्रमांक, खोली यांच्याबरोबरच मागच्या हंगामातले पीक आणि पुढे घ्यावयाचे पीक लिहावे लागते. 'पुढचे पीक' या दोन शब्दांत त्याचा प्रश्न सामावलेला आहे : माती कशी आहे एवढेच नव्हे, तर या मातीत तूर घ्यावयाची असेल तर काय करावे? मातीची चिठ्ठी लहान असते, पण ती प्रश्न विचारते.

एन. एम. आर.च्या अर्जाचा सर्वसाधारण साचा पाहावा. विद्यार्थ्याचे व मार्गदर्शकाचे नाव, सही-शिक्का, नमुन्याचा संकेत, वजन, विद्रावक, हायड्रोजनचा आलेख हवा की कार्बनचा, शुल्काची पावती. पदार्थ विषारी, स्फोटक वा हवेत नासणारा आहे काय, हा रकाना असतो आणि तो योग्यच आहे. दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेणारे अर्जातले ते एकमेव वाक्य. याशिवाय पुष्कळदा एक चौकट असते : 'अपेक्षित रचना'. चौकटीत षट्कोन काढला की अर्ज पुरा झाला.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या कानाला 'अपेक्षित' हा शब्द निरागस राहिलेला नाही. 'अपेक्षित प्रश्नसंच' वाचूनच तो पदवीपर्यंत पोचलेला असतो. अपेक्षित म्हणजे जे येणारच ते. त्याच्या बोलण्यातली क्रियापदेही हेच सांगतात. एन. एम. आर. तो 'काढतो', जसा सातबारा काढावा किंवा फोटो काढावा. आणि आलेख हाती पडला की 'बरोबर आला' म्हणतो. 'आलेख वाचला' असे म्हणणारा विरळा. 'बरोबर आला' हे वाचन नव्हे, निकाल आहे. आणि तो निकाल चौकटीत षट्कोन काढला तेव्हाच लागून गेलेला असतो.

विदर्भातल्या रसायन-विभागांत पिढ्यान्पिढ्या चाललेल्या चाल्कोनांच्या कामातूनच उदाहरण देतो. २'-हायड्रॉक्सिचाल्कोन तयार करताना त्याचा काही भाग, क्वचित बराचसा भाग, वलय मिटून फ्लॅव्हॅनोन होतो. दोघांचे रेणुसूत्र एकच, सी१५ एच१२ ओ२, रेणुभार २२४. मूलद्रव्यांचे प्रमाण तपासा, वस्तुमान-पंक्ती काढा, केवळ रेणूच्या भारावरून दोघांत निवड करता येत नाही. एन. एम. आर. मात्र हा तंटा सोडविते. चाल्कोन असेल तर कार्बोनिलाशी बांधला गेलेला फिनॉलाचा हायड्रोजन दूर डावीकडे, १२.८च्या आसपास, एकटा उभा दिसतो. द्विबंधावरचे दोन हायड्रोजन सुमारे १५ हर्ट्झच्या अंतराने एकमेकांस फाडतात. फ्लॅव्हॅनोन असेल तर तो डावीकडचा एकटा नाहीसा होऊन ५.५च्या जवळपास एक आणि ३च्या दोन्ही बाजूंस दोन संकेत उमटतात. आता चिठ्ठीत 'चाल्कोन की फ्लॅव्हॅनोन?' एवढेच लिहिले असते, तर आलेख कोठवर छापावा हे तज्ज्ञाला कळले असते. तसे काही नमूद नसेल आणि कागदावर ० ते १० एवढाच पट्टा छापून आला, तर सर्वांत बोलका साक्षीदार कागदाबाहेर राहतो. मग विद्यार्थी चौकटीतल्या रचनेकडे पाहून उरलेल्या शिखरांना नावे वाटीत बसतो.

अशा नाववाटपात पाहुणेही घरचे ठरतात. स्तंभातून पदार्थ वेगळा करताना वापरलेले एथिल अॅसिटेट पुरते उडाले नसेल, तर ड्यूटेरोक्लोरोफॉर्ममध्ये त्याचे संकेत १.२६, २.०५ आणि ४.१२ला दिसतात, ते प्रबंधात एथॉक्सी व अॅसिटिल गट म्हणून नोंदविले जाऊ शकतात. ड्यूटेरियमयुक्त डी. एम. एस. ओ.मधले पाणी ३.३३ला येते, तेही कोणाचा तरी हायड्रॉक्सिल बनून जाते. जड पाण्याचा एक थेंब घालून पुन्हा आलेख घेतला की हायड्रॉक्सिल आणि अमाइन यांचे संकेत मावळतात, ही साधी चाचणी मागता येते. पण मागावयास आधी शंका हवी, आणि शंकेला अर्जात जागा हवी. धातुसंकुलांवर काम करणाऱ्यांनी तर धातूचे नाव न लिहिता कुपी पाठवूच नये. द्विसंयुजी तांब्याचे संकुल चुंबकीय स्वभावाने संकेतांना पसरट करून टाकते, आणि शुल्क भरून हाती येतो तो टेकड्यांचा धूसर देखावा.

या विद्येचा प्रारंभ आठवावा. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी स्टॅनफर्डहून एथिल अल्कोहोलाचा आलेख प्रसिद्ध केला. त्यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे या शाखेचे काम त्यांनी उभे केले. त्या आलेखात तीन शिखरे होती, क्षेत्रफळे तीनास दोनास एक. पदार्थ सर्वांना ठाऊक, रचना ठाऊक. प्रश्न यंत्राला होता : एकाच रेणूतले हायड्रोजन तू वेगवेगळे ओळखतोस काय? ज्ञात पदार्थ पुढे ठेवून त्यांनी अज्ञात गोष्ट विचारली. आपण अज्ञात पदार्थ पुढे ठेवतो आणि तो ज्ञात असल्याची सही मागतो.

परिभाषेचा वाद येथे मी लांबवीत नाही. 'केंद्रकीय' म्हणावे की 'अणुगर्भीय', 'अनुस्पंदन' बरे की 'संस्पंदन', यावर चर्चा होत राहील. विद्यार्थी तोवर एन. एम. आर.च म्हणेल आणि त्यात काही बिघडत नाही. अर्ज इंग्रजीत आहे ही तक्रारही मला दुय्यम वाटते. प्रश्न मराठीत नीट सुचला तर तो मोडक्या इंग्रजीतही पोचतो.

एक आक्षेप मात्र विचारात घ्यावयास हवा. शेकडो कुप्या हाताळणारा तज्ज्ञ प्रत्येकाचा प्रश्न वाचील कसा? कदाचित वाचणार नाही. पण तो प्रश्न प्रथम लिहिणाऱ्यासाठी असतो, आणि नंतर परीक्षकासाठी. आलेख येण्यापूर्वी काय शंका होती हे तारखेसह कागदावर असेल, तर 'बरोबर आला' हे म्हणणे तपासता येते. म्हणून विभागांनी आपल्या पातळीवर दोन गोष्टी कराव्यात : अर्जाच्या पाठीमागे एका वाक्यात प्रश्न लिहिल्याखेरीज मार्गदर्शकाने सही करू नये, आणि त्या अर्जाची प्रत आलेखासोबत प्रबंधाच्या परिशिष्टात जोडावी. केंद्राकडून छापील चित्राबरोबर मूळ संगणकीय नोंदही मागवून घ्यावी. ती असली की पट्टा वाढवून पाहता येतो आणि शिखरांमधले अंतर हर्ट्झमध्ये मोजता येते.

राहता राहिला संकेताचा रकाना. त्यात 'एस-४', 'पी-११' असे काहीतरी लिहिले जाते, अक्षर बहुधा स्वतःच्या नावाचे. तीन वर्षांनी प्रबंध लिहावयास बसल्यावर 'एस-४' म्हणजे कोणती अभिक्रिया, हे तो विद्यार्थीही सांगू शकत नाही. संकेतात प्रयोगवहीचा पृष्ठांक घालावा. अर्ज भरताना त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.