‘हायपो’चा उपसर्ग

उपसर्ग या शब्दास मराठींत दोन अर्थ आहेत. वैयाकरणांचा उपसर्ग शब्दाच्या आधीं लागतो आणि त्याचा अर्थ फिरवितो. घरगुती बोलण्यांतला उपसर्ग म्हणजे पीडा, जाच. इंग्रजी वैद्यकाबरोबर आपल्याकडे आलेल्या ‘हायपो’ या ग्रीक उपसर्गाच्या ठायीं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, हें आमच्या प्रत्ययास घरच्याच एका प्रसंगानें आलें.

आमचे मामा मधुमेही आहेत व इन्शुलिन घेतात. रुग्णालयांतून घरीं पाठवितांना तेथील एका तरुण डॉक्टरांनीं मामींस बजावलें, “हायपो झाला तर ताबडतोब साखर द्या, हायपर असेल तर मुळींच नको.” मामी कांहीं अशिक्षित नव्हेत, त्यांनीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें आहे. पंधरा दिवसांनीं पहांटे मामांस दरदरून घाम फुटला, हात कांपूं लागले, बोलणें असंबद्ध झालें. मामींस दोन्ही शब्द आठवले. कोणता कशाचा, तें मात्र आठवेना. अखेर मधुमेहास साखर वर्ज्य, या जुन्या समजुतीचा कौल घेऊन त्यांनीं साखरेचा डबा दूर सारला. शेजारच्या परिचारिकाबाईंनीं धांवत येऊन साखरेचें पाणी पाजलें म्हणून निभावलें. एका अक्षराच्या घोटाळ्यानें माणूस हातचा जावयाचा! तेव्हांपासून या उपसर्गाकडे आम्ही केवळ भाषाशास्त्राच्या कुतूहलानें पाहूं शकत नाहीं.

‘हायपो’ हें ग्रीक ‘हुपो’चें इंग्रजी मुखांतून आलेलें रूप, अर्थ ‘खालीं’. ‘हायपर’ हें ‘हुपेर’चें, अर्थ ‘वर’, ‘पलीकडे’. संस्कृताच्या अभ्यासकांस हे दोघे परके वाटूं नयेत. हुपो हा आपल्या ‘उप’चा सख्खा भाऊ आणि हुपेर हा ‘उपरि’चा. ग्रीकांत असा उकार शब्दारंभीं आला कीं त्यास हकार चिकटतो, म्हणून रूप निराळें दिसतें इतकेंच. लॅटिनमध्यें याच जोडीचे ‘सुब्’ आणि ‘सुपेर’ झाले. पण भाऊ झाले तरी संसार वेगळे. आपला ‘उप’ खालीं जाण्याऐवजीं जवळ जाऊन बसला (उपनयन, उपासना) आणि जवळून मग दुय्यमपणाकडे सरकला (उपनदी, उपग्रह). म्हणून ‘हायपो’ दिसला कीं ‘उप’ लावावा, हा मोह व्युत्पत्तीच्या दृष्टीनें कितीहि गोड असला तरी अर्थाच्या दृष्टीनें फसवा आहे.

शरीररचनेचे शब्द घेतले तर ‘हायपो’ सरळ स्थलवाचक आहे. हायपोडर्मिक सुई त्वचेच्या खालीं औषध सोडते. हायपोथॅलॅमस हा मेंदूंतील थॅलॅमसच्या खालचा भाग. थॅलॅमस म्हणजे ग्रीकांत घरांतली आंतली खोली, शेजघर. हायपोफिसिस म्हणजे खालच्या अंगास वाढलेली, मेंदूच्या बुडाशीं लोंबणारी वाटाण्याएवढी ग्रंथि. तिचें दुसरें नांव पिट्युइटरी. तें कफवाचक लॅटिन शब्दावरून पडलें. मेंदूंतला कफ तिच्यावाटे नाकांत उतरतो, अशी प्राचीनांची समजूत होती. आमच्याकडे तिला पीयूष ग्रंथि म्हणूं लागले. ध्वनिसाम्यानें सुचलेला हा शब्द असावा. कफाचें अमृत झालें, याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं. सर्वांत मौजेची कथा हायपोकाँड्रियाची. ‘खोंद्रोस’ म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चांखालीं पोटाचा जो भाग येतो, त्याचें हें नांव. यकृत व प्लीहा तेथेंच असल्यामुळें मनाच्या उदासीचें मूळहि तेथेंच आहे, असें जुने वैद्य मानीत. पुढें तें मानणें सुटलें, पण नांव सुटलें नाहीं. आणि आज रोग नसतां रोगाच्या भयानें पछाडलेल्या माणसास तें लागतें. जागा गेली, पाटी उरली.

दुसरा वर्ग याहून निराळा. हायपोग्लायसीमिया, हायपोथर्मिया, हायपोटेन्शन, हायपोथायरॉइडिझम: येथें कोण कशाच्या खालीं आहे? वस्तु नव्हे, प्रमाण खालीं आहे. रक्तांतली साखर, अंगाची ऊब, रक्ताचा दाब, अवटु ग्रंथीचा स्राव जितका असावा तितका नाहीं. स्थळाचा अर्थ असा प्रमाणाकडे वळतो, हें ‘पारा खालीं आला’ म्हणणाऱ्या मराठी माणसास समजावून सांगावयास नको. परंतु शब्द घडवितांना हा भेद न राखला तर काय होईल? हायपोथॅलॅमसला ‘अधः’ लावून केलेला ‘अधश्चेतक’ हा शब्द योग्यच आहे. पण तोच ‘अधः’ हायपोथायरॉइडिझमला चिकटवा, म्हणजे रोग्याचा समज होईल कीं अवटु ग्रंथीच्या खालीं कांहींतरी उगवलें आहे आणि तें कापून काढावयाचें आहे.

परिभाषाकारांशीं आमचा वाद येथें आहे. डॉ. रघुवीर यांचा प्रचंड इंग्रजी-हिंदी कोश १९५५ सालीं निघाला. ग्रीक-लॅटिन उपसर्गांस संस्कृत उपसर्ग नेमून देऊन शब्दांचीं कुळेंच्या कुळें उभीं करण्याची त्यांची पद्धति होती, आणि तिच्या मागची विद्वत्ता व परिश्रम यांपुढें मान लववावी अशीच आहे. जेथें उपसर्गाचें काम एकच असतें तेथें ही पद्धति शोभतेहि. मराठी विश्वकोशांतील वनस्पतिशास्त्राच्या लेखांत फुलांचे अवकिंज, परिकिंज व अपिकिंज असे प्रकार येतात, ते पाहावे. ग्रीक ‘पेरि’स परि आणि ‘एपि’स अपि, हे तर जन्माचे नातलग, ‘हायपो’च्या जागीं ‘अव’ आला आहे, तोहि नेटका. मात्र विद्यार्थ्यानें येथेंहि सावध असावें. मोहरीचें फूल अवकिंज म्हणावयाचें, पण त्याचें किंजपुट वर असतें. खालीं असतात त्या पाकळ्या व इतर दलें. पेरूच्या फुलाची गोष्ट नेमकी उलट. उपसर्ग कोणाच्या बाजूनें बोलतो आहे, हें न सांगतां केवळ व्याख्या पाठ करवून घेणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकाहि.

“मग इंग्रजी शब्दच देवनागरींत लिहा, भांडण मिटलें,” असें म्हणणारा एक पक्ष आहे. त्यांच्यासाठीं आमच्या एका स्नेह्याचें उदाहरण देतों. हायपरटेन्शन असल्याचें सांगून त्यांस रोजची गोळी लिहून दिली गेली. गृहस्थ नुकतेच निवृत्त झालेले, मुलें मार्गीं लागलेलीं. “मला आतां कसलें टेन्शन?” असें म्हणून त्यांनीं दोन महिन्यांत गोळी बंद केली. टेन्शन या शब्दास मराठी घरांत चिंता हा एकच अर्थ उरला आहे, हें त्या डॉक्टरांच्या ध्यानांत आलें नसावें. ‘रक्तदाब वाढला आहे’ इतकें म्हटलें असतें तर पुरे होतें. शिवाय इंग्रजांच्या तोंडीं ‘हायपर’मधला रकार जवळजवळ विरून जातो, आणि घाईच्या बोलण्यांत ग्लायसीमियाच्या आधीं हायपो आहे कीं हायपर, हें सराइताच्या कानासहि कळत नाहीं. ज्या दोन अवस्थांचे उपचार परस्परांच्या उलट, त्यांचीं नांवें जुळ्या भावांसारखीं असावीं, हा त्या परिभाषेचा दोष आहे. तो आपण शिरावर कां घ्यावा?

आमचें म्हणणें एवढेंच, कीं भाषांतर उपसर्गाचें करूं नये. त्या शब्दांत उपसर्ग जें काम करतो, त्याचें करावें. जागा सांगावयाची असेल तेथें अधः किंवा अव. प्रमाण सांगावयाचें असेल तेथें न्यून आणि अति. हे दोन कानाला इतके भिन्न आहेत कीं त्यांची अदलाबदल होणें कठीण. हें झालें ग्रंथांपुरतें. रोग्याच्या उशाशीं मात्र न्यूनशर्करारक्तता असा सामासिक शब्द उच्चारणारा विद्वान् आम्हांस त्या तरुण डॉक्टरांइतकाच निरुपयोगी वाटतो. तेथें नाम नको, क्रियापद हवें.

मामींनीं आतां आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत एक कागद डकविला आहे. त्यावर दोनच ओळी आहेत: ‘साखर उतरली, घाम, कांप: साखर द्या. साखर चढली, तहान, वारंवार लघवी: साखर नको, डॉक्टरांस फोन.’ गेल्या महिन्यांत मामांस पुन्हां एकदां पहांटे घाम सुटला, तेव्हां घरांत फक्त दहा वर्षांची नात जागी होती. तिनें तो कागद वाचला आणि साखरेचा डबा काढला.