‘गुण आला’ म्हणजे नेमकं काय झालं?

अनुमान कशाला म्हणायचं, प्रमाण कशाला म्हणायचं, ही चर्चा वर्गात करायला सोपी असते, कारण तिथे डोंगरावर धूर असतो आणि अग्नी असतो. त्या धुराने कुणी दगावत नाही. आज तीच चर्चा आपल्याला आजाऱ्याच्या खाटेपाशी न्यायची आहे.

आधी शब्द पाहू. ‘पर्यायी’ वैद्यक. एसटी चुकली तर रेल्वे हा पर्याय, कारण दोन्ही पुण्याला पोचवतात. पर्याय म्हणजे तेच काम करणारी दुसरी गोष्ट. एखादी उपचारपद्धती तेच काम करते का, हाच मुळात वादाचा प्रश्न आहे. आणि तिला ‘पर्यायी’ म्हटलं की त्याचं उत्तर आपण न तपासताच ‘हो’ असं देऊन टाकलेलं असतं.

आता आपल्या घराघरातलं उदाहरण घेतो. काविळीचं औषध. महाराष्ट्रात असा तालुका नसेल जिथे काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारं एखादं घर नाही. ठरावीक वारी, सकाळी अनशापोटी, दुधातून किंवा ताकातून, आणि पुढे तेल-तिखट बंद. पुष्कळ ठिकाणी पैसेही घेत नाहीत, हे आवर्जून सांगतो, कारण या माणसांना सरसकट लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. (चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवून’ दाखवणारे वेगळे. तिथे हाताला आधी सालीचा रस चोळलेला असतो, आणि चुन्याशी गाठ पडली की पाणी पिवळं होतं.) आणि लोक सांगतात, ‘सर, आमच्या भावाला गुण आला.’ ते खोटं बोलत नाहीत. भाऊ खरोखरच बरा झालेला असतो.

पण का झाला? दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’, बहुतेक माणसांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. २०१२ साली इचलकरंजीत मोठी साथ आली होती ती याच ‘ई’ची. आता माणूस औषधाला जातो केव्हा? डोळे पिवळेजर्द झाल्यावर, म्हणजे आजार ऐन भरात असताना. तिथून पुढे उतारच असतो. औषध घ्या, न घ्या.

आपल्या परंपरेत याला सुरेख शब्द आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. नैयायिक याहून पुढे गेले. त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ अशी एक कोटीच केली. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. मडकं घडण्याआधी ते हजर असतं, म्हणून ते मडक्याचं कारण ठरत नाही, कारण त्याच्यावाचूनही मडकं होतं. काविळीच्या औषधाबद्दल आपण विचारायचं ते एवढंच: हा कुंभार की हे गाढव? आणि त्याचं उत्तर बऱ्या झालेल्या भावाकडे पाहून मिळत नाही. अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही लागतो. तशाच शंभर जणांना औषध दिलं नाही, तर काय झालं? हे मोजणं म्हणजेच आजची औषधचाचणी. ती पाश्चात्त्य म्हणून परकी वाटते, पण तिच्यामागचा तर्क आपल्या नैयायिकांना अनोळखी नव्हता.

कुणी म्हणेल, आपोआप बरं होणार असेल तर औषध घेतलं, बिघडलं कुठे? बिघडतं ते इथे. पिवळेपणा हा आजार नव्हे, ती खूण आहे. तीच खूण पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याची असते, स्वादुपिंडाच्या कर्करोगाची असते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ‘ई’ झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. झाडपाला देणारा या चौघांना वेगळं ओळखत नाही. तो चौघांनाही तेच औषध देतो. तिघांच्या बाबतीत महिना वाया जातो, आणि जो बरा होतो तो गावभर सांगत फिरतो. गेलेली बाई सांगायला येत नाही. लोकमताचा पुरावा असा मुळातच एका बाजूला कललेला असतो.

वेळ गमावण्याची किंमत अमेरिकेत मोजली गेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरा होऊ शकणारा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यातला मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

दुसरा धोका थेट औषधाचा. ‘निसर्गातलं आहे, अपाय नाही’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! कण्हेर निसर्गातलीच आहे, धोतराही. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघर उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. घ्यावा, वाद व्हावा. पण वाद पुराव्याने मिटतो, परंपरेच्या अभिमानाने नाही. २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

मग लोक तिकडे जातात ते अडाणी म्हणून? मुळीच नाही. भारतात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी जेमतेम दोन मिनिटं देतो. होमिओपॅथ मात्र तासभर बसवून घेतो. तहान किती लागते, स्वप्नं कसली पडतात, सासूशी पटतं का, सगळं विचारतो. त्याच्या तीस शक्तीच्या गोळीत मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते, पण ऐकून घेणारा माणूस तिथे असतो. इकडे कट प्रॅक्टिस, आधी डिपॉझिट, गरज नसताना तपासण्या. हा राग खरा आहे. फक्त, डॉक्टर लुबाडतो यावरून गोळी काम करते हे सिद्ध होत नाही. ही दोन स्वतंत्र विधानं आहेत.

आणि परंपरेला न्याय द्यायचाच असेल तर तो कसा, हेही मुंबईतच घडलेलं आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली, आकडे मांडले आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगाने ती वनस्पती उचलली. पुढे तिच्यातल्या द्रव्याने काहींना नैराश्य येतं, हेही नोंदवलं गेलं. तपासणीला उभं राहिलं की गुण आणि दोष, दोन्ही वहीत चढतात.

चरकसंहितेत वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक छद्मचर, म्हणजे वैद्याचं सोंग घेतलेला; दुसरा दुसऱ्याच्या कीर्तीवर जगणारा. खरा वैद्य तिसरा. ‘आयुर्वेदावर टीका करता?’ असं मला विचारणाऱ्यांना मी तेवढा भाग वाचायला सांगतो. पहिल्या दोघांविषयी त्या ग्रंथाला जी सावधगिरी वाटली, ती आज दूरदर्शनवर मधुमेह मुळापासून घालवण्याच्या जाहिराती पाहताना आपल्याला का वाटत नाही? अशा जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरीही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.