लांडगे, नदी आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ म्हणजे काय याचा विचार केला. तो बराचसा तात्त्विक होता. आज तीच कल्पना जमिनीवर, खरं म्हणजे जंगलात, उतरवून पाहू. त्यासाठी एक चित्रफीत घेतली आहे. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल, फोनवरून पुढेही पाठवली असेल. २०१४ साली आलेली, साडेचार मिनिटांची, लांडगे नद्या कशा बदलतात हे सांगणारी. आवाज आहे ब्रिटिश लेखक जॉर्ज मॉन्बियो यांचा.

गोष्ट अशी. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे १९२० च्या दशकात संपवले गेले. एल्क ही मोठी हरणं बेसुमार वाढली, त्यांनी नदीकाठची झाडी खाऊन टाकली. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. एल्क कमी झाले, शिवाय घाबरून दऱ्या टाळू लागले. झाडं वाढली, पक्षी आले, बीव्हर आले, काठ बळकट झाले आणि शेवटी नद्यांनी आपली वाट बदलली. इतकी सुंदर साखळी की ऐकताना माणूस मान डोलावतो.

आज मला या गोष्टीवर टीका करायची आहे. पण ती सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही, हे आधीच सांगतो. एका जातीमुळे सगळा परिसर बदलू शकतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर काय केलं? खडकाच्या एका तुकड्यावरचे तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकले, आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवला. तारामासा शिंपले खातो. तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली आणि तिथल्या १५ जातींच्या ८ झाल्या. शोधनिबंध १९६६ चा. पुढे १९६९ मध्ये त्यांनी अशा जातीला कमानीच्या मधल्या दगडाची उपमा दिली. तो दगड काढला की कमान ढासळते.

इथे ‘शेजारचा तुकडा’ महत्त्वाचा आहे, बरं का. आपल्या नैयायिकांच्या भाषेत अन्वय आणि व्यतिरेक: ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. पेननी व्यतिरेक स्वतःच्या हाताने घडवून आणला, आणि बाकी सगळं सारखं ठेवलं.

आता यलोस्टोनकडे या. तिथे शेजारचा तुकडा कुठे आहे? उद्यान एक, इतिहास एक. लांडगे आले आणि मग झाडं वाढली, एवढंच आपल्या हातात आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की काय, हे तपासावंच लागतं. तपासल्यावर काय दिसतं? उत्तरेकडच्या कळपात १९९० च्या दशकाच्या मध्याला सुमारे १९,००० एल्क होते, २०१३ पर्यंत ते ४,००० च्या आसपास आले. घट खरी. पण त्याच काळात ग्रिझली अस्वलं वाढली, आणि ती एल्कची पाडसं मारतात. कूगर परतले. उद्यानाबाहेर माणसांची शिकार चालूच होती. १९९६-९७ चा हिवाळा भयंकर होता, पुढे दुष्काळ पडला. बीव्हरसुद्धा उद्यानाच्या उत्तरेला वनखात्याने आधीपासून आणून सोडले होते. चित्रफितीत यातलं फारसं काही येत नाही. अस्वल येतं, पण लांडग्याचा मदतनीस म्हणून.

न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ असा शब्द आहे. कुंभाराचं गाढव माती घेऊन येतं. घडा होण्याआधी ते हजर असतं, पण म्हणून ते घड्याचं कारण ठरत नाही. लांडगा म्हणजे ते गाढव, असं माझं म्हणणं नाही. लांडगा नक्कीच कारणांपैकी एक आहे. पण घडा एकट्या चाकामुळे होत नाही. माती, पाणी, चाक, कुंभार अशी सगळी सामग्री जुळावी लागते. चित्रफीत त्या सामग्रीतून एकच गोष्ट उचलते आणि तिच्या गळ्यात हार घालते.

आणि ‘पाणी’ हा शब्द मी सहज वापरलेला नाही. कोलोराडोतल्या संशोधकांनी २००१ पासून यलोस्टोनच्या ओढ्यांवर एक प्रयोग चालवला. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. काही ठिकाणी विलोभोवती कुंपण घातलं, म्हणजे कोणी खाऊ नये. काही ठिकाणी बीव्हरच्या बांधासारखा बांध घालून जमिनीतलं पाणी वर आणलं. काही ठिकाणी दोन्ही केलं, काही ठिकाणी काहीच नाही. हा खरा व्यतिरेक! नुसतं कुंपण घातलं तिथे वाढ मर्यादित राहिली. कुंपण आणि पाणी दोन्ही मिळालं तिथे विलो भराभर उंच झाले. २०२४ मध्ये दोन दशकांचा हिशेब प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की शिकारी प्राणी परतले तरी ओढ्याकाठची जुनी व्यवस्था परतलेली नाही.

का? लांडगे नव्हते त्या सत्तर वर्षांत एल्कनी विलो खाल्ले, विलो नाहीत म्हणून बीव्हर गेले, बीव्हर गेले म्हणून बांध फुटले, आणि ओढे खोल खणत गेले. भूजल खाली गेलं. आता विलोला पाणी नाही म्हणून तो वाढत नाही, तो नाही म्हणून बीव्हर येत नाही, आणि बीव्हर नाही म्हणून पाणी वर येत नाही. चक्र बंद झालं. उतरताना जी वाट होती, ती चढताना उरलेली नाही.

दुसरी बाजूही सांगतो. विल्यम रिपल आणि रॉबर्ट बेष्टा हे अभ्यासक आजही लांडग्यांच्या प्रभावाच्या बाजूने मांडणी करतात. काही जागी विलो आणि अ‍ॅस्पेन खरोखर उंच झालेत. वाद चालू आहे, तो प्रामाणिक आहे. ‘काही जागी, काही प्रमाणात, इतर कारणांसोबत’ असं कोणी म्हटलं तर माझी हरकत नाही. पण अशा वाक्याची चित्रफीत होत नाही!

तुम्ही म्हणाल, सर, लोकांना लांडग्याबद्दल प्रेम वाटलं, मग थोडी अतिशयोक्ती असली तर बिघडलं कुठे? बिघडतं. दोन ठिकाणी बिघडतं. एक, लांडग्याला जगण्याचा हक्क त्याने नदी दुरुस्त केली म्हणून मिळतो, असं आपण नकळत मान्य करतो. उद्या सिद्ध झालं की नदी त्याने बदलली नाही, मग काय त्याला पुन्हा गोळ्या घालणार? दुसरं अधिक गंभीर आहे. ही गोष्ट आपल्याला शिकवते की निसर्गात केलेली मोडतोड उलटवता येते, हरवलेला तुकडा जागेवर बसवला की यंत्र पुन्हा सुरू. आपल्याकडे सरिस्कातले वाघ संपले आणि २००८ पासून रणथंबोरहून तिथे वाघ आणले गेले. आणायलाच हवे होते. पण पिंजऱ्याचं दार उघडलं त्या क्षणी आपलं काम झालं असं वाटणं, हा त्या साडेचार मिनिटांचा परिणाम आहे. जंगल म्हणजे वाघ अधिक बाकीचं सगळं, आणि त्या ‘बाकीच्या’त पाणी, गवत, गुरं, गावं आणि मधे गेलेला काळ हेही येतं.

तेव्हा चित्रफीत जरूर पाहा, मुलांना दाखवा. फक्त संपल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: शेजारचा तुकडा कुठे आहे? हा प्रश्न विचारायची सवय लागली, तर लांडग्याचं भलं होईल आणि आपलंही. पुढच्या वेळी ‘निसर्गाचा समतोल’ या शब्दप्रयोगाकडे वळू. तो शब्दही आपण फार सहज वापरतो.