आट्यांनी जोडलेली वीज

ब्विस्कावित्सा ही दुसऱ्या महायुद्धातली पोलिश सबमशीनगन वरून जर्मन दिसते, आतून इंग्रज आहे. दुमडणारा दस्ता आणि खालून बसणारं मॅगझिन ही ठेवण शत्रूच्या एमपी-४०ची. पोटातली यंत्रणा मात्र ब्रिटिश स्टेन गनची. पोलंडच्या भूमिगत गृहसेनेसाठी, म्हणजे ‘आर्मिया क्रायोवा’साठी, स्टेन विमानांतून पॅराशूटने उतरत, पण त्यांनी गरज भागत नव्हती. मग वात्सवाफ झाव्रोत्नी आणि सेवेरिन व्येलानिएर या अभियंत्यांनी जर्मनव्याप्त वॉर्सात स्वतःचीच सबमशीनगन आखली. सप्टेंबर १९४३मध्ये शहराबाहेर झ्येलोन्काला तिची चाचणी झाली.

एवढ्यावरून हिला कुणी उसनवारीचा माल म्हणेल. त्याने तिचे सांधे पाहावेत. स्टेनची सारी भिस्त वेल्डिंगवर. इथे शक्य तिथे आटे आणि स्क्रू. चोरून चालवलेल्या कारखान्यात पक्कं वेल्डिंग करायचं कुठे? आटे पाडायला मात्र साधा लेथ पुरतो आणि तो कुठल्याही लहान वर्कशॉपात सापडतो. स्टेनचा मूळ आराखडा स्वस्त होता, पण तो मोकळ्या देशाच्या कारखान्यांसाठी. वॉर्सातल्या कारागिराच्या हाताशी काय आहे, हे ओळखून तो पुन्हा मांडला गेला. सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणी बनत, आणि काम चाले ते कुंपणाच्या जाळ्या विणणाऱ्या एका कारखान्याच्या आडोशाने. सुटी आटेदार नळी कुणाच्या हाती लागली तरी ती पंपाची की बंदुकीची, हे चटकन कळू नये, हाही त्या सांध्यांचा फायदाच.

मॅगझिन मात्र स्टेनचंच ठेवलं. ते अडकण्याबद्दल बदनाम होतं, म्हणजे तो दोषही पदरात घेतला. पण पॅराशूटने आलेली मॅगझिनं थेट वापरता येत होती. हा सौदा मला शहाणपणाचा वाटतो.

१ ऑगस्ट १९४४ला जर्मनांविरुद्ध वॉर्साचा उठाव सुरू झाला तोवर सहा-सातशे नग तयार झाले होते. लाखोंनी निघालेल्या स्टेनपुढे हा आकडा किरकोळच.

आणि एक आगाऊपणा. झाव्रोत्नी पूर्वी एलेक्ट्रिट या रेडिओ कंपनीत होते. तिच्या बोधचिन्हात विजेचे बाण होते. तसेच तीन बाण त्यांनी बंदुकीच्या मागे खेचायच्या मुठीवर कोरले, आणि तिचं नाव पडलं ‘ब्विस्कावित्सा’, म्हणजे ‘वीज’. जिथे नावगाव लपवण्यावर सगळ्यांचे जीव अवलंबून, तिथे जुन्या नोकरीची खूण उमटवायची! सावधपणाच्या हिशेबात हे बसत नाही, पण त्या मुठीखेरीज ही बंदूक मला अपुरी वाटली असती.