स्वार्थी माणसाला नीतिनियम लागू होतात काय? : 'गीतारहस्या'तील एका युक्तिवादाची चिकित्सा

नीतिशास्त्राच्या वर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो : जो फक्त स्वतःचा फायदा पाहतो, त्याच्याशी आपण तरी खरेपणाने का वागावे? या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न मिसळलेले आहेत. स्वार्थालाच जीवनाचे तत्त्व मानणाऱ्यावर सार्वत्रिक नीतिनियम बंधनकारक आहेत काय, हा पहिला. अशा माणसाशी वागताना ते नियम आपल्यावर बंधनकारक राहतात काय, हा दुसरा. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या दोन्ही प्रश्नांचा विचार आहे. प्रस्तुत लेखात त्याचे परीक्षण करावयाचे आहे.

पहिल्या प्रश्नाचा विचार 'आधिभौतिक सुखवाद' या चौथ्या प्रकरणात येतो. टिळक तेथे स्वार्थाच्या पायऱ्या लावतात. केवळ स्वतःचे सुख पाहणारा चार्वाकपंथी सर्वांत खाली. त्याच्या वर दूरदर्शी स्वार्थ मानणारे हॉब्स व हेल्वेशियस. परोपकारही शेवटी स्वतःसाठीच असतो, हे त्यांचे मत. त्याच्या वर स्वार्थ व परार्थ दोन्ही मान्य करणारा शहाणा स्वार्थ, आणि शेवटी पुष्कळांच्या पुष्कळ सुखाचा पक्ष. हॉब्सची तुलना टिळक बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्याशी करतात, हा या प्रकरणातील मार्मिक भाग होय. सर्व काही आत्म्यासाठीच प्रिय असते, असे याज्ञवल्क्यही मैत्रेयीला सांगतो. परंतु हॉब्स तेथून स्वार्थाकडे वळतो, तर याज्ञवल्क्य 'हा आत्मा म्हणजे कोण?' असे विचारून सर्वांभूती असलेल्या एकाच आत्म्याकडे जातो.

युक्तिवाद सुंदर आहे, पण त्यात एक उणीव राहते. ज्याला अद्वैत मान्य आहे त्यालाच हे उत्तर पटेल. ज्याला ते मान्य नाही, तो स्वार्थी माणूस जागचा हलत नाही. त्याला त्याच्याच भूमीवर उत्तर देता येते काय?

आमच्या बालाघाट जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हा सुवासिक तांदूळ एकरी कमी उतरतो, म्हणून त्याला भाव जास्त. समजा, एखादा व्यापारी साधा तांदूळ चिन्नोर म्हणून विकतो. त्याला नफा का होतो? बाकीचे शेतकरी व व्यापारी खरा माल देतात, म्हणून चिन्नोर या नावावर गिऱ्हाइकाचा विश्वास आहे. सर्वांनीच भेसळ केली तर त्या नावाला किंमत उरणार नाही आणि भेसळ करणाऱ्याचाही नफा बुडेल. म्हणजे नियम मोडणाऱ्यालाही तो नियम हवाच असतो. त्याला फक्त स्वतःपुरती सूट हवी असते.

कांटने १७८५ च्या आपल्या ग्रंथात खोट्या वचनाच्या उदाहरणाने हीच विसंगती दाखविली आहे. कुरआनातील 'अल्-मुतफ्फिफीन' या ८३ व्या सूरतेतही मापात मारणाऱ्याचा दोष याच स्वरूपात मांडलेला दिसतो : घेताना पुरे माप मागायचे, देताना मात्र कमी द्यायचे. स्वार्थी माणूस नियमाबाहेर उभा नसतो. तो नियमाच्या आधारावर उभा असतो. म्हणून नियम त्याला लागू होतो. तो त्याला पटेलच असे नाही, पण लागू होणे आणि पटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. 'सिद्धावस्था व व्यवहार' या बाराव्या प्रकरणात टिळक म्हणतात की, पूर्णावस्थेतील समाजाचे नियम लोभी लोकांनी भरलेल्या समाजात जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. दुष्टाचा प्रतिकार करावा लागतो. मात्र त्यांची अट कडक आहे : करणाऱ्याची बुद्धी सम आणि निर्वैर असली पाहिजे. याच मुद्द्यावर जानेवारी १९२० मध्ये 'यंग इंडिया'च्या पानांवर टिळक व गांधीजी यांचा मतभेद प्रकट झाला. राजकारण हा संसारी लोकांचा व्यवहार आहे, साधूंचा नव्हे, असा टिळकांचा पक्ष होता. शठाशीही सत्यानेच वागावे, हा गांधीजींचा.

हा मतभेद समजला जातो तितका खोल नाही, असे मला वाटते. द्वेषाला दोघेही जागा देत नाहीत. खरी अडचण टिळकांच्या वाचकांनी निर्माण केली आहे. त्यांनी सवलत घेतली आणि अट सोडली. 'जशास तसे' म्हणणारा स्वतःची बुद्धी सम आहे काय, हे क्वचितच तपासतो. शिवाय समोरचा स्वार्थी आहे हे ठरविणारा स्वतःही बहुधा त्याच व्यवहारातला पक्षकार असतो. भांडणात दोन्ही बाजू एकमेकांस स्वार्थीच म्हणतात.

पुन्हा तांदळाकडे येऊ. शेजाऱ्याने भेसळ केली म्हणून मीही केली, तर ते अनुकरण झाले. त्याच्या मालाची तपासणी व्हावी आणि दोष सिद्ध झाल्यास त्याला दंड व्हावा म्हणून मी तक्रार केली, तर तो प्रतिकार झाला. पहिल्याने नियम मरतो, दुसऱ्याने जगतो. टिळकांना अभिप्रेत असलेला प्रतिकार दुसऱ्या जातीचा आहे; परंतु त्यांनी त्याची हमी केवळ कर्त्याच्या अंतःकरणावर सोपविली. सामान्य माणसाच्या बाबतीत ती हमी पुरेशी नाही. तेथे तटस्थ तपासणी, आरोपीला बोलण्याची संधी आणि सर्वांना सारखा कायदा लागतो.

सारांश, स्वार्थी माणूस नीतिनियमांच्या कक्षेबाहेर जात नाही. त्यांच्यापासून तो सुटत नाही आणि त्यांच्या संरक्षणालाही मुकत नाही. त्याला दंड करता येतो, पण त्याच्याशी खोटे बोलण्याचा परवाना कोणास मिळत नाही. विद्यार्थी 'सगळेच करतात, मग आम्ही का नको?' असे विचारतील तेव्हा त्यांना उपदेश करण्यापेक्षा एवढेच विचारावे : सगळ्यांनीच केले असते, तर तुम्हाला त्यातून काही मिळाले असते काय?