‘ट्रीटमेंट गॅप’चा आकडा सिनॉप्सिसमध्ये टाकण्याआधी



अपस्मारावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतात त्या आजारावर, संशोधन करायचं ठरवलं की सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद जवळजवळ आपोआप लिहिला जातो. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांतले जवळपास ८० टक्के अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. तरीही बहुतेक गरीब देशांत ‘ट्रीटमेंट गॅप’ ७५ टक्क्यांच्या वर आहे. आणि मग शेवटचं वाक्य येतं: ‘याचे कारण जनजागृतीचा अभाव.’

पहिली चार वाक्यं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालातली आहेत आणि त्यांना भक्कम आधार आहे. पाचवं मात्र आपण सवयीने जोडतो, आणि पुढची तीन-चार वर्षं आपण काय मोजणार हे तेच ठरवतं. आज बोलायचंय ते या पाचव्या वाक्याबद्दल आणि ते आपल्या हातात देणाऱ्या दस्तऐवजांबद्दल.

सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे अपस्मार व इतर मज्जासंस्थेच्या विकारांसाठीचा जागतिक कृती आराखडा, २०२२–२०३१. मे २०२२ मध्ये ७५ व्या जागतिक आरोग्य सभेने तो स्वीकारला. त्यात ५ उद्दिष्टं आणि १० लक्ष्यं आहेत. न्यूरॉलॉजीसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण आरोग्यमंत्र्यांच्या टेबलावर मेंदूचे आजार इतक्या एकत्रितपणे क्वचितच येतात. तेव्हा आराखडा निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाहीये. तो ज्या कामासाठी लिहिलाय ते काम वेगळं आहे, एवढंच. तो सरकारांना राजी करण्यासाठी लिहिलाय. आपण तो पुरावा म्हणून वाचतो, आणि घोटाळा तिथे होतो.

आता त्यातली दोन लक्ष्यं शेजारी ठेवून बघा. २०३१ पर्यंत १०० टक्के देशांत जनजागृतीची किंवा पाठपुराव्याची निदान एक मोहीम चालू असावी, असं एक लक्ष्य सांगतं. प्राथमिक आरोग्यसेवेत मज्जासंस्थेच्या विकारांवरची अत्यावश्यक औषधं आणि मूलभूत तंत्रज्ञान मिळावं, हे दुसरं लक्ष्य मात्र ८० टक्के देशांपुरतं आहे. म्हणजे पोस्टर सगळीकडे हवं आणि गोळी पाचापैकी चार देशांत मिळाली तरी चालेल! यामागे कुणाचा दुष्ट हेतू आहे असं अजिबात नाही. मोहीम स्वस्त असते, लवकर सुरू होते आणि ‘झाली’ म्हणून लगेच दाखवता येते. औषधाचं तसं नसतं. त्याला वर्षानुवर्षं खरेदी, साठा, वाहतूक आणि लिहून देणारा माणूस लागतो. लक्ष्य ठरवताना जे जमण्यासारखं आहे ते वर जातं. पण जमण्यासारखं म्हणजेच महत्त्वाचं असं संशोधकाने मानून चालत नाही.

तिसरं लक्ष्य अपस्माराचं. २०२१ मध्ये जेवढ्या रुग्णांपर्यंत सेवा पोचत होती, त्यात २०३१ पर्यंत ५० टक्के वाढ. ऐकायला भरघोस वाटतं ना? कागद-पेन घ्या. एखाद्या देशात १०० पैकी २० जणांना सेवा मिळत असेल, तर ५० टक्के वाढ म्हणजे ३० जण. गॅप ८० वरून ७० वर आली आणि लक्ष्य पूर्ण झालं. जिथे आधीच ७० जणांना सेवा मिळते तिथे हाच हिशेब १०५ वर जातो, म्हणजे अशक्य. शिवाय २०२१ चा आकडाच नसेल, तर वाढ कशापासून मोजणार? टक्केवारीतली वाढ दिसली की ‘कशाच्या टक्के?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

आता मूळ शब्दाकडे वळू. ट्रीटमेंट गॅप म्हणजे सक्रिय अपस्मार असलेल्यांपैकी योग्य उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण. व्याख्या सोपी दिसते, पण ‘सक्रिय’ कुणाला म्हणायचं? काही अभ्यास गेल्या पाच वर्षांत झटका आलेल्यांना धरतात, काही कमी मुदत घेतात. छेद बदलला की टक्के बदलतात. अंशाचंही तसंच. निदानच न झालेली मुलगी, निदान झालं पण डॉक्टरकडे न जाणारा माणूस, तीन महिने गोळ्या घेऊन मग तालुक्याला जाण्याचं भाडं परवडेना म्हणून थांबलेला शेतमजूर, आणि केंद्रात गेली तर ‘साठा संपलाय’ असं ऐकून परतलेली आई. हे चौघंही एकाच ७५ टक्क्यांत बसतात. जनजागृतीचा उपयोग फार तर पहिल्या दोघांना. उरलेल्या दोघांना सगळं माहीत आहे. त्यांना अज्ञानी ठरवणं हा अन्याय तर आहेच, पण कार्यकारणभावाची चूकही आहे.

‘मग शिक्षण फुकटच का?’ असं कुणी विचारेल. नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अपस्मारावर काम करणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९७ मध्ये अपस्माराला ‘अंधारातून बाहेर’ काढण्याची मोहीम सुरू केली. तिच्यातला चीनच्या ग्रामीण भागातला प्रकल्प बघा. तिथे प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरांना शिकवलं, त्यांच्या हातात फेनोबार्बिटल दिलं आणि रुग्णांचा पाठपुरावा केला. १९१२ पासून वापरात असलेलं हे स्वस्त औषध. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २,४५५ रुग्ण होते, आणि वर्षभर उपचार पूर्ण केलेल्यांपैकी ६८ टक्क्यांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटले. इथेही छेद बघा: ‘पूर्ण केलेल्यांपैकी’. मधेच सोडलेले त्यात नाहीत. तरीही मुद्दा स्पष्ट आहे. गोळी आणि पाठपुरावा सोबत असले की शिक्षण कामाला येतं.

पाठपुराव्याचं यशही आपल्याकडे आहे. भारतात विवाह कायद्यात अपस्माराला वेडेपणाच्या पंक्तीत बसवलं होतं. रुग्ण संघटना आणि न्यूरॉलॉजिस्ट मागे लागले आणि १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला गेला. मागणी एकच होती, नेमकी होती, आणि पूर्ण झाली की नाही हे राजपत्र उघडून कुणालाही तपासता येत होतं. ‘जागृती वाढवा’ या मागणीला असं राजपत्र नसतं. ती कधीच पूर्ण होत नाही आणि कधीच फसतही नाही.

म्हणून म्हणते, ते पाचवं वाक्य लिहिण्याआधी थांबा. ते लिहिलंत की पुढचा अभ्यास ठरलेलाच: दोनशे लोकांना ‘फिट आल्यावर चप्पल किंवा कांदा हुंगवावा का?’ असं विचारायचं, टक्के काढायचे आणि ‘जनजागृतीची गरज आहे’ हा निष्कर्ष लिहायचा. जो निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात होता तोच शेवटी येतो. मधली वर्षं मात्र तुमची जातात, आणि उत्तरं देणाऱ्यांचा वेळही.

त्याऐवजी असे प्रश्न घेता येतील: एका तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षातले किती दिवस अपस्माराची एक तरी गोळी शिल्लक होती? पहिल्यांदा औषध नेलेल्यांपैकी सहाव्या महिन्यात किती जण परत आले? जे आले नाहीत, ते का आले नाहीत? हे प्रश्न पोस्टरवर शोभणार नाहीत. पण यांची उत्तरं ‘नाही, आमचा अंदाज चुकला’ अशी येऊ शकतात, आणि तशी येऊ शकत असतील तरच ते संशोधनाचे प्रश्न.

आता तुमचा सिनॉप्सिस उघडा. पहिल्या परिच्छेदातल्या प्रत्येक टक्केवारीखाली पेन्सिलीने लिहा: अंशात कोण, छेदात कोण, आणि हा आकडा कुणाला पटवण्यासाठी लिहिला गेला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मंत्र्यांना’ असं आलं तर आकडा काढून टाकू नका. फक्त त्यावर तुमचा संशोधन-प्रश्न उभा करू नका.