गोलाईवर फसणारी नक्षी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागतं. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे नाव सर्वदूर गेलं. कारखान्यांच्या या पट्ट्यात सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणारं कापयंत्र, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धातूकामात मुरलेलं हे तंत्र राउटरच्या रूपानं लाकडावरही स्थिरावलं आहे. देवघरं, पलंगाच्या पाठी, मुख्य दरवाजे यांवर त्याची नक्षी सर्रास दिसते. सपाट फळीवर ती बरी उतरते. खांब किंवा कमान समोर आली की मात्र पितळ उघडं पडतं.

पहिली पळवाट म्हणजे नक्षी सपाट पट्टीवर कोरायची आणि गोलाईवर डकवायची. काही पावसाळ्यांत तिच्या कडा सुटू लागतात. दुसरा मार्ग तीन अक्षांच्या यंत्राचा. त्याचं बिट, म्हणजे कापणारं हत्यार, वरूनच खाली उतरतं. खांबाच्या माथ्यावर काम सुबक होतं. पण कडेचा उतार 60 अंशांवर गेला की बिटाच्या दोन फेऱ्यांमधलं पृष्ठभागावरचं अंतर दुप्पट होतं आणि मधे उरणारा उंचवटा जवळपास चौपट. मग पॉलिश पेपर चालतो आणि रेघांबरोबर पाकळीची धारही जाते.

लाकूड फिरवणारा चौथा अक्ष ही अडचण दूर करतो. खरी परीक्षा मात्र तिथेच सुरू होते. सुरूच्या झाडाच्या आकाराचा, वर निमुळता होत जाणारा खांब घ्या. बुडाशी व्यास 150 मिलिमीटर, वर 100. भोवती बारा पानांची वेल असेल तर खाली एका पानाला सुमारे 39 मिलिमीटर रुंदी मिळते, वर जेमतेम 26. पानाची उंची मात्र नक्षीच्या संगणकीय फाइलमध्ये होती तेवढीच राहते. पान आखडतं, वेल गुदमरते. पटाशी चालवणारा जाणता कारागीर इथे पान सगळ्याच बाजूंनी लहान करतो, नाहीतर एखादं गाळतो. विकतची फाइल हा निर्णय घेत नाही.

लाकूड धातूसारखं एकजिनसीही नसतं. निमुळत्या भागावर बिट जाडीकडून बारीक टोकाकडे गेलं तर काप स्वच्छ येतो. उलट गेलं तर लाकडाच्या रेषा उचकटून ढलपी निघते. धातूची सवय असलेला ऑपरेटर वेग आणि खोली अचूक साधतो, पण रेषांची दिशा बघायचं राहून जातं.

गोलाई कशी हाताळावी, याचा धडा याच जिल्ह्यात आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात सातव्या शतकातल्या कारागिरांनी लाकडी छताच्या फासळ्या दगडात कोरल्या. त्या छताच्या बाकाबरोबरच वळतात, म्हणून रचना आणि शोभा वेगळी काढता येत नाही. आजच्या राउटरकामात आकार एकाचा, नक्षी दुसऱ्याची आणि दोघांची गाठ थेट यंत्रावर पडते.

म्हणून या कलेचं घोडं यंत्रापाशी अडलेलं नाही. पाच अक्षांचं यंत्र आणलं तरी आखडलेलं पान आखडलेलंच राहील, फक्त अधिक गुळगुळीत. अडलं आहे ते मोबदल्यापाशी: नक्षीचा भाव चौरस फुटावर ठरतो. त्यात यंत्राचा वेळ मोजला जातो, आरेखनाचा नाही. खांबासाठी नव्यानं वेल आखणाऱ्याला वेगळे पैसे मिळू लागले, तरच जुना सुतार संगणकाशेजारी बसेल. तोवर यंत्रं वाढतील, नक्षी सुधारणार नाही.